विश्लेषण : लहान मुलाच्या तापाचे औषध चमच्याने नव्हे, वजनाने द्या!

एक ते तीन वर्षांच्या मुलांना ताप वारंवार येतो. बहुतेक वेळा तो विषाणूंमुळे येतो आणि तीन-चार दिवसांत आपोआप जातो. अशा मुलाची काळजी घरी घेता येते. मात्र घाबरून दिलेले जास्तीचे औषध तापापेक्षा महागात पडू शकते.

ताप कधी समजायचा?

डिजिटल थर्मामीटरवर १००.४ अंश फॅरनहाइट (३८ अंश सेल्सिअस) किंवा त्याहून अधिक तापमान आले, की तो ताप. ताप हा शरीराचा जंतूंशी लढण्याचा मार्ग आहे. १०१ ताप असलेले मूल खेळत असेल, पाणी पीत असेल, तर लगेच औषध द्यायलाच हवे असे नाही. औषध द्यायचे ते मुलाची अंगदुखी, किरकिर कमी व्हावी म्हणून. ताप १०३ वरून १०१ वर आला आणि मूल हुशारले, तरी औषधाने काम केले. शांत झोपलेल्या मुलाला औषधासाठी उठवू नये.

मात्रा कुठे चुकते?

पॅरासिटामॉलची एका वेळची मात्रा वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम असते. दोन मात्रांमध्ये चार ते सहा तासांचे अंतर हवे. म्हणजे १० किलोच्या मुलाला १०० ते १५० मिलिग्रॅम. गोंधळ होतो तो बाटलीमुळे. एका सिरपच्या ५ मिलीमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम औषध असते, तर दुसऱ्यात २५०. थेंबांच्या बाटलीत मात्र अनेकदा एका मिलीतच १०० मिलिग्रॅम असते. त्यामुळे याच मुलाला पहिल्या बाटलीतून ५ मिली, दुसरीतून अडीच मिली आणि थेंबांमधून साधारण सव्वा मिली पुरते. थेंबांचे औषध ५ मिलीचा चमचा भरून पाजले, तर पोटात ५०० मिलिग्रॅम जाते. अशी जास्तीची मात्रा वारंवार गेली, तर यकृताला इजा होऊ शकते.

म्हणून घरातला चमचा वापरू नका. खुणा असलेले टोपण किंवा बिनसुईची सिरिंज घ्या. रात्री आजीने दिलेला डोस बाबांना माहीत नसतो. वेळ आणि मात्रा मोबाइलवर लिहून ठेवा. नावे वेगळी असलेल्या दोन बाटल्यांत एकच औषध असू शकते, हेही तपासा.

कोणती औषधे टाळावीत?

आयबुप्रोफेन किंवा मेफेनामिक ॲसिड असलेली औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. डेंग्यू असेल तर त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. निमेसुलाइडला १२ वर्षांखालील मुलांसाठी भारतात २०११ पासून बंदी आहे. मागच्या वेळचे उरलेले अँटिबायोटिकही नको. खोकल्याच्या सिरपची सवय तर सोडायलाच हवी. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात विषारी रसायन असलेल्या सिरपने अनेक बालकांचा बळी घेतला. त्यांतील काहींवर नागपुरात उपचार सुरू होते. त्यानंतर केंद्र सरकारने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, असे पुन्हा बजावले.

घरी काय करावे?

गोधडी, स्वेटर, कानटोपी काढून पातळ सुती कपडे घाला. बर्फाच्या किंवा गार पाण्याच्या पट्ट्यांनी हुडहुडी भरते; अंग पुसायचेच तर कोमट पाण्याने. जेवणाचा आग्रह नको, पण पेज, वरणाचे पाणी, ताक थोडे-थोडे देत राहा. अंगावरचे दूध थांबवू नका.

दवाखाना कधी गाठायचा?

तीन महिन्यांखालील बाळाला ताप आला तर लगेच. मोठ्या मुलाला तीन दिवसांहून जास्त ताप, सहा ते आठ तास लघवी नाही, मूल मलूल, मान ताठ, सतत उलट्या, शांत असताना मिनिटाला ४० किंवा अधिक श्वास, यांपैकी काहीही दिसले तर थांबू नका. डेंग्यूत ताप उतरल्यावरच धोका वाढू शकतो. तेव्हा पोटदुखी, उलट्या, हातपाय गार पडणे याकडे लक्ष ठेवा. तापात झटका आला तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात काही घालू नका; मुलाला कुशीवर वळवा. झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर तातडीने रुग्णालय गाठा. थांबला तरी डॉक्टरांना दाखवाच.

सगळी जबाबदारी पालकांवर टाकून भागणार नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर मुलाचे वजन, औषधाची तीव्रता आणि किती मिली द्यायचे ते मराठीत लिहावे. प्रत्येक बाटलीवर वजनानुसार मात्रेचा तक्ता ठळक अक्षरांत असावा आणि मापाची सिरिंज सोबतच मिळावी. तोवर पालकांनी दुकानातून बाटली घेताना एक प्रश्न जरूर विचारावा : माझ्या मुलाच्या वजनाला यातले किती मिली?