रस्त्याचे काम आणि वाहतुकीचा आराखडा : जबाबदारी कोणाची?

प्रति,
मा. आयुक्त, पनवेल महानगरपालिका
विषय : खोदकामाच्या परवानगीला वाहतूक आराखड्याची अट घालण्याबाबत

महोदय,

रस्त्यावर काम चालू असताना वाहने आणि पादचारी कोणत्या बाजूने, किती रुंदीतून आणि किती वेगाने न्यायचे, हे वाहतूक व्यवस्थापन आराखडा ठरवतो. तो तयार करणे, तपासून मंजूर करणे आणि त्यासाठी वाहतुकीवर निर्बंध घालणे ही तीन निरनिराळी कामे आहेत आणि ती तिघांकडे विभागलेली आहेत.

आराखडा करतो कंत्राटदार. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या विनिर्देशांतील कलम 112 प्रमाणे काम सुरू करण्यापूर्वी वाहतुकीच्या व्यवस्थेला अभियंत्याची मंजुरी घ्यावी लागते. बॅरिकेड, फलक, रात्रीचे दिवे आणि झेंडीवाले पुरवणेही कंत्राटदाराकडेच असते. या व्यवस्थेचे वेगळे देयक मात्र निघत नाही; तिचा खर्च मूळ कामातच धरला जातो. काटकसरीची पहिली कात्री म्हणूनच बहुधा फलक आणि दिव्यांवर चालते.

आराखड्यात काय असावे, हे इंडियन रोड्स काँग्रेसच्या एसपी 55 या मार्गदर्शिकेत (2014) दिले आहे. कामाच्या जागेचे तिथे चार भाग केले आहेत : आगाऊ सूचनेचा, वाहतूक वळवण्याचा, प्रत्यक्ष कामाचा आणि वाहने पूर्ववत मार्गाला लागण्याचा. खड्ड्याच्या तोंडाशी ठेवलेला एकुलता एक फलक यांपैकी पहिल्या भागाचीही गरज भागवत नाही.

निर्बंध घालण्याचा अधिकार मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 115 मधून येतो. पनवेलमध्ये तो नवी मुंबई पोलिसांची वाहतूक शाखा वापरते. निर्बंध महिनाभरापुरता असेल, तर राजपत्रातील अधिसूचना लागत नाही. स्थानिक प्रसिद्धी मात्र द्यावी लागते. पोलिसांची अधिसूचना पर्यायी मार्ग सांगते. त्या मार्गावरचे खड्डे बुजवणे, दिवे लावणे किंवा कडेचे पार्किंग हटवणे तिच्याने होत नाही.

कळंबोली जंक्शनच्या कामात हे ठळक दिसते. फेब्रुवारी 2025 मध्ये या कामासाठी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची पनवेलकडे उतरणारी वाट सहा महिन्यांसाठी बंद करण्याचा आदेश निघाला. पुण्याहून पनवेल, गोवा आणि जेएनपीटीकडे जाणारी वाहने पळस्पे येथे जुन्या महामार्गावर वळवण्यात आली. मुंबई-गोवा महामार्गाची वाहतूकही पळस्प्यातूनच जाते. काम एका चौकात आणि भार दुसऱ्यावर, अशी ही स्थिती. आराखड्याची हद्द म्हणूनच खोदलेल्या लांबीपुरती ठेवता येत नाही.

पनवेलमध्ये रस्त्यांची मालकीही एकसंध नाही. महानगरपालिका 1 ऑक्टोबर 2016 रोजी स्थापन झाली. नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर या वसाहती त्याआधीच सिडकोने उभारल्या होत्या. महामार्ग वेगळ्या यंत्रणांकडे आहेत. वीज, गॅस आणि दूरसंचाराच्या वाहिन्यांसाठी खोदणारे आणखी निराळे. अशा ठिकाणी ‘हद्द आमची नाही’ हे उत्तर सहज मिळते.

कायदा मात्र जबाबदारी एकट्या कंत्राटदारावर सोडत नाही. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 198-अ नुसार रस्त्याच्या रचना, बांधणी आणि देखभालीचे सुरक्षा निकष न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित प्राधिकरण, कंत्राटदार आणि सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आराखडा लिहिणारा कोणीही असो, तो न पाहता खोदकामाची परवानगी देणारी यंत्रणा जबाबदारीतून सुटत नाही.

महानगरपालिकेच्या अखत्यारीतील रस्त्यांसाठी पुढील अटी परवानगी आणि निविदेच्या टप्प्यावरच घालता येतील :

1. मंजूर आराखड्याशिवाय खोदकाम परवानगी किंवा कार्यारंभ आदेश देऊ नये.
2. फलक, दिवे आणि झेंडीवाले यांची निविदेत स्वतंत्र बाब असावी आणि पाहणीनंतरच तिचे देयक काढावे.
3. पर्यायी मार्ग दुसऱ्या यंत्रणेच्या रस्त्यावरून जात असेल, तर तिची लेखी संमती आराखड्याला जोडावी.
4. मंजुरी देणाऱ्या अभियंत्याचे पदनाम, कामाची मुदत आणि तक्रारीचा क्रमांक कामाच्या जागी लावावा.

प्रत : पोलीस उपायुक्त (वाहतूक), नवी मुंबई