‘नॅचरल’ म्हणजे अहिंसक नव्हे!



स्वयंपाकघराच्या मध्यभागी वेगळा ओटा, म्हणजे हल्लीचं ‘आयलंड’, बांधायची लाट आपल्याकडेही आली आहे. त्यावर जाड सागवानी फळी हवी, तीही ‘नॅचरल’ पॉलिशची. फळीला माझा विरोध नाही. विरोध आहे तो त्या एका शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवण्याला.

हिरवा ठिपका बघितल्याशिवाय आपण बिस्किटाचा पुडा घेत नाही. आणि ज्या फळीवर रोज पोळ्या लाटणार, तिच्या पॉलिशबद्दल एक प्रश्न विचारत नाही? ‘नॅचरल वॅक्स’ म्हणून विकतात ते पुष्कळदा मधमाश्यांचं मेण असतं. मधाचा त्याग आपल्या मूलगुणांत आहे. मग त्याच पोळ्याचं मेण ओट्यावर कोणत्या तोंडाने चोळायचं? फ्रेंच पॉलिश म्हणजे तर लाखच. फांदीवरचं लाखेच्या किड्यांचं कवच खरवडून ती काढतात, त्यात किडे मरतात. पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य उगाच सांगितलेलं नाही. शिवाय गरम भांडं ठेवलं की हे पॉलिश पांढरं पडतं, ते वेगळंच.

काही जणी म्हणतात, लाकूडच नको, ते वनस्पतिकाय, ग्रॅनाइट घ्या. अहो, मग खाणीतला दगड पृथ्वीकाय नव्हे का? वाळलेलं लाकूड अचित्त. हिंसा पुढे होते. खोडाच्या बाहेरच्या फिकट भागाचं स्वस्त लाकूड घेतलं की त्याला कीड लागते, भुकटी पडायला लागते, आणि मग आपणच फवारणीवाल्याला फोन करतो. म्हणून भट्टीत वाळवलेलं, गाभ्याचं पक्कं लाकूड मागा, आणि ते सिंकपासून लांब ठेवा. चातुर्मासात जोडांत पाणी मुरलं की बुरशी धरलीच, आणि बुरशी म्हणजे अनंतकाय!

जोड कशाने चिकटवणार तेही विचारा. जुन्या पद्धतीचा सरस हाडा-कातड्यांचा असतो.

पॉलिशऐवजी खाद्य दर्जाचं मिनरल ऑइल लावा, ते अधूनमधून पुन्हा लावावं लागतं. शुद्ध जवसाचं तेलही चालतं, पण सुकायला फार वेळ घेतं, आणि त्याचे बोळे गोळा करून डब्यात टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतात; पसरून वाळवा. शेंगदाण्याचं तेल मात्र नको, खवट होतं. चकाकी हवीच असेल तर कार्नोबा मेण आहे, ते ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांचं.

काम सुरू होण्याआधी सुताराला डबा दाखवायला सांगा. “ताई, सगळीकडे हेच वापरतात,” असं तो म्हणाला, तर झाकण उघडू देऊ नका.