रस्ता कोणी मागितला?

आंबेडकरी कार्यकर्त्याला रस्त्याच्या विरोधात उभे करणे सोपे नाही. ज्यांच्या पणजोबांना गावच्या वाटेवरून अंग चोरून चालावे लागले, ज्यांच्या वस्तीपर्यंत डांबर यायला कितीतरी निवडणुका जाव्या लागल्या, त्यांच्यासाठी रस्ता म्हणजे शाळा, दवाखाना आणि बाळंतिणीचा जीव. म्हणून गडचिरोलीतले माडिया आदिवासी रस्त्याचे काम अडवून बसले अशी बातमी आली की आपल्यातलेही काही जण बुचकळ्यात पडतात. छावणीतल्या एका बैठकीत एका तरुणाने सरळच विचारले, "बाबासाहेबांनी आपल्याला खेडी सोडायला सांगितली. मग आपण जंगल राखायच्या गोष्टी कशाला करायच्या?"

प्रश्न प्रामाणिक आहे. घोषणा देऊन तो उडवून लावता येणार नाही.

आधी तिथे काय घडले ते पाहू. एटापल्ली तालुक्यात छत्तीसगडच्या सीमेजवळ तोडगट्टा नावाचे छोटे गाव आहे. मार्च २०२३ मध्ये तिथे आसपासच्या अनेक गावांतले लोक ठिय्या देऊन बसले. सुरजागड आणि दमकोंडवाहीच्या खाणी नकोत आणि त्या खाणींसाठी होणारे रुंद रस्ते नकोत, ही मागणी. पाऊस, धानाची लावणी, सगळे सांभाळून लोक पाळीपाळीने बसत राहिले. नोव्हेंबरमध्ये पोलीस आले, कार्यकर्त्यांची धरपकड झाली, आंदोलन उठले. त्याच सुमारास शेजारच्या वांगेतुरीत नवे पोलीस ठाणे उभे राहिले.

आता, या लोकांना दवाखान्याला जायचा रस्ता नको होता का? हवाच होता. खाटेची कावड करून आजारी माणूस कोसभर नेणाऱ्याला रस्त्याचे महत्त्व आपण शिकवायचे? त्यांचे म्हणणे इतकेच, की आमच्या पाड्याला वर्षानुवर्षे एक मोरी बांधून मिळत नाही आणि लोहखनिजाचे ट्रक जायचे म्हटले की बुलडोझर लगेच हजर होतो.

आणि कायद्याने हा फरक आधीच केलेला आहे. वनहक्क कायदा २००६, कलम ३(२) वाचा. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पिण्याचे पाणी, रस्ता अशा तेरा सुविधांसाठी वनजमीन देता येते. अटी दोन. प्रत्येक कामाला जागा एक हेक्टरपेक्षा कमी आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडायची नाहीत. दुसरी, ग्रामसभेची शिफारस हवी. म्हणजे गावाला हवा असलेला रस्ता जंगल कायद्यात अडकत नाही. तो अडकतो तो सरकारच्या इच्छेत. "जंगल हवे की रस्ता" हा वाद म्हणूनच मला बनावट वाटतो. खरा प्रश्न, रस्ता कोणी मागितला आणि त्यावरून काय जाणार?

जुन्या जंगलात वाट फुटली की मागून काय येते हे या भागाला नवीन नाही. १९७४ साली राज्याने वन विकास महामंडळ काढले. मिश्र जंगल कूप पाडून तोडायचे आणि तिथे सागवान लावायचे, हा त्याचा खाक्या. मोह, तेंदू, चारोळी गेली आणि विकायला सोपे असे एकसाची लाकूड आले. सरकारी कागदावर मात्र ते जंगलच राहिले! ब्राझीलमध्ये अमेझॉनच्या जंगलातून महामार्ग काढले, तिथेही तोड त्या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंनी माशाच्या काट्यासारखी आत पसरत गेली.

सुरजागडचा ३४८ हेक्टरचा खाणपट्टा लॉइड्स मेटल्सला २००७ मध्ये मिळाला. उत्पादन वाढवण्यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये पर्यावरणविषयक जनसुनावणी झाली, ती कुठे? गडचिरोली शहरात, खाणीपासून शंभराहून अधिक किलोमीटरवर. ज्याच्या उशाशी स्फोट होणार त्याने दिवसाची मजुरी बुडवून, भाडे भरून जिल्ह्याच्या गावी जायचे आणि पोलीस बंदोबस्तात आपले म्हणणे मांडायचे. याला जनसुनावणी म्हणतात.

पुढे कायदाच सैल केला गेला. २०२२ च्या वन संवर्धन नियमांनी केंद्राच्या मंजुरीआधी ग्रामसभेची संमती तपासण्याची जबाबदारी केंद्राच्या डोक्यावरून काढली. २०२३ च्या दुरुस्तीने नक्षलग्रस्त भागात सार्वजनिक उपयोगाच्या कामांना ५ हेक्टरपर्यंत आणि सुरक्षेच्या बांधकामांना १० हेक्टरपर्यंत सूट दिली.

आता बाबासाहेबांकडे येऊ, कारण आपल्या विरोधात त्यांचेच नाव वापरले जाते. ते कारखान्यांच्या, विजेच्या, मोठ्या धरणांच्या बाजूचे होते, यात शंका नाही. पण 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' (१९४७) मध्ये त्यांनी मूलभूत आणि महत्त्वाचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मागणी केली. आदिवासीच्या पायाखालचा डोंगर खासगी कंपनीला भाडेपट्ट्याने देणे हा त्यांचा औद्योगिकीकरणाचा नकाशा नव्हता. खेड्यावरचा त्यांचा रागही जातीच्या उतरंडीवर चालणाऱ्या गावगाड्यावर होता. पाड्यावरच्या ग्रामसभेला मुकी करायला तो राग वापरणे ही लबाडी आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले, की सनदशीर मार्ग खुले असताना सत्याग्रहासारखे मार्ग सोडले पाहिजेत. मग ठिय्या कशाला? मी उलट विचारतो, इथे सनदशीर मार्ग कोणता आहे? पेसा आणि वनहक्क कायद्याने दिलेली ग्रामसभा. ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न ग्रामसभांकडे पाठवला, तेव्हा बाराच्या बारा ग्रामसभांनी वेदांताच्या बॉक्साइट खाणीला नकार दिला आणि कंपनीला थांबावे लागले. हे शंभर टक्के सनदशीर. तोच दरवाजा गडचिरोलीत बंद करायचा आणि बाहेर बसलेल्याला सनदशीर मार्गाचा धडा द्यायचा, हे कसे चालेल? माओवाद्यांच्या बंदुकीशी आपले नाते नाही. बुद्ध की मार्क्स, याचे उत्तर आपण १९५६ मध्येच ऐकले आहे. पण ग्रामसभेत हात वर करणाऱ्यालाच नक्षल समर्थक ठरवले, तर बंदूकवाल्याचे काम सरकारच सोपे करते.

ठराव कागदावर कुजणे म्हणजे काय हे मराठवाड्याला सांगायला नको. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. फळ दिसले १४ जानेवारी १९९४ रोजी, तेही नामविस्तार म्हणून. मधल्या साडेपंधरा वर्षांत घरे जळली, माणसे गेली. माडियांच्या ग्रामसभेचा ठराव जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर पडून राहतो, तेव्हा ती धूळ आपल्या ओळखीची असते.

शहरी पर्यावरणवाद्यांविषयी एक शब्द. आरेची झाडे ऑक्टोबर २०१९ मध्ये रातोरात तोडली तेव्हा देश जागा झाला. विधी शाखेच्या विद्यार्थ्याच्या पत्रावर सर्वोच्च न्यायालयाने तातडीने स्थगिती दिली. चांगलेच झाले. प्रकाश आंबेडकर तिथे गेले आणि पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले, हेही नोंदवून ठेवा. पण आरेत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या वारल्यांच्या पाड्यांवर किती कॅमेरे गेले? आणि तोडगट्ट्यात किती? झाड दिसते आणि झाडाखालचा माणूस दिसत नाही, असले निसर्गप्रेम आपल्या कामाचे नाही.

शिवाय यात आपला स्वतःचा हिशेबही आहे. जंगलात राहणाऱ्या दलितांना वनहक्क हवा असेल तर १३ डिसेंबर २००५ च्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वहिवाट सिद्ध करावी लागते. ज्याच्या आजाला लिहू दिले नाही त्याच्याकडे कागद मागायचा! मराठवाड्यातले गायरानधारक याच जात्यात भरडले जात आहेत. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित व्हायची होती. अजून कित्येकांचा सातबारा कोरा आहे. गायरान कसणारा आणि जंगल राखणारा, दोघांनाही सरकारच्या लेखी एकच शब्द आहे, अतिक्रमक.

नागसेनवनात बाबासाहेबांनी १९५० साली महाविद्यालय सुरू केले. या परिसरात आज कायदा शिकणारी आपली मुले शेकड्याने आहेत. ग्रामसभेचा ठराव कसा लिहायचा, सामूहिक वनहक्काचा दावा कसा भरायचा, माहिती अधिकारात वनमंजुरीची फाइल कशी मागायची, हे त्यांना महिनाभरात शिकता येईल. पुढच्या १४ एप्रिलला एका मंडळाने डीजेचा एक दिवसाचा खर्च वाचवला तर पाच जण एटापल्लीला जाऊन महिनाभर राहू शकतात. कोणती मंडळे तयार आहेत?