‘मदरबोर्ड गेलाय’ म्हटल्यावर मान डोलावू नका

चाकण, भोसरी, पिंपरीच्या पट्ट्यात आपली पोरं ठेकेदाराकडे राबतात आणि त्या पगारातून हप्त्यावर जुना लॅपटॉप घेतात. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, बहिणीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, जात पडताळणीची कागदपत्रं, सगळं त्या एका यंत्रात. एके दिवशी त्याचा पडदा काळा पडतो. दुकानदार झाकणही न उघडता सांगतो, “मदरबोर्ड गेलाय.” आणि ठेका पद्धतीवर तासभर वाद घालणारा आपला कार्यकर्ता तिथे मात्र गपचूप मान डोलावतो.

सगळे दुकानदार लुबाडतात असं माझं म्हणणं नाही. त्या धंद्यात आपलीही पोरं आहेत, प्रामाणिक आहेत. पण ज्याला काहीच कळत नाही त्याला काहीही सांगता येतं, हा व्यवहार आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगलाय. पंचांग ज्याच्या हातात, मुहूर्तही त्याचाच. कोणी अधिकारी माणूस म्हणतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असं बुद्धाने कालामांना सांगितलं होतं. ते लॅपटॉपलाही लागू पडतं.

पडदा काळा आहे, पण पंख्याचा आवाज येतोय? एचडीएमआय वायरने लॅपटॉप घरच्या टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र आलं तर मदरबोर्ड जिवंत आहे. दोष बहुधा पडद्यात किंवा त्याच्या केबलमध्ये. पडद्यावर तिरका टॉर्च मारून पुसट चित्र दिसलं, तर फक्त मागचा उजेड गेलाय. टीव्हीवरही काही नसेल तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, मागचं झाकण उघडून आधी बॅटरीची जोडणी सोडवा. मग रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी टोकं खोडरबराने हलक्या हाताने पुसा आणि पट्टी नीट दाबून बसवा. पुष्कळदा एवढ्यावर यंत्र उठतं. अजिबात सुरूच होत नसेल तर दुसरं सॉकेट, तेवढ्याच व्होल्टचा दुसरा चार्जर लावून पाहा. चार्जर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. तरीही बोंब असेल तर दुकानात जरूर जा, पण काय काय तपासलंय ते आधी सांगा. समोरच्याच्या बोलण्याचा सूर बदलतो.

थोडा वेळ चालून आपोआप बंद पडणारा लॅपटॉप बहुतेक वेळा धुळीने गुदमरलेला असतो. खराबवाडी-म्हाळुंगेच्या खोल्यांमध्ये धुळीला काय तोटा! फक्त तो कंपनीत नेऊन एअर गनखाली धरू नका. त्या हवेला दाब जास्त, त्यात ओलावा आणि तेल. पंखा भलत्या वेगाने फिरून बाद होतो. पातं बोटाने धरा, मऊ ब्रशने धूळ काढा. आणि हार्ड डिस्क टकटक वाजू लागली तर दुरुस्ती नंतर, आधी कागदपत्रं पेन ड्राइव्हवर उतरवा.

काही ज्येष्ठ म्हणतील, हत्यारं टाकून आम्ही लेखणी धरली, आता पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर? हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही, त्यामागे जखम आहे. पण बाबासाहेबांचा विरोध जन्माने लादलेल्या कामाला होता, तंत्राला नव्हे. १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांना विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. नुसत्या कला आणि कायद्याच्या पदव्यांवर समाज पुढे जाणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टलही सुरू केलं. चांगलं झालं. पण रॅम बोर्डावरच डाखलेली असेल आणि बॅटरी गोंदाने चिकटवलेली असेल, तर पोर्टल काय करणार? म्हणून जुना लॅपटॉप घेताना रॅम, डिस्क, बॅटरी बदलता येते का, हे रंगरूपाआधी विचारा.

टचपॅड वर उचलला गेला, झाकण नीट बसेना, तर बॅटरी फुगलीय. लगेच वापर थांबवा. चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका. आणि ती घंटागाडीत टाकू नका, कारण पुढे कचरा निवडताना ती कोणाच्या हातात पेट घेणार? १९९३ साली पुण्यात उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या सभासद पिंपरी-चिंचवडमध्येही आहेत, आणि कचरा वेचणाऱ्या या बायांमध्ये बहुसंख्य आपल्याच समाजाच्या आहेत. बॅटरी ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रातच द्या.

विहाराच्या अभ्यासिकेत पुस्तकांच्या कपाटाशेजारी स्क्रू-ड्रायव्हरचा एक संच, एचडीएमआयची वायर, ब्रश आणि खोडरबर ठेवायला फार पैसे लागत नाहीत. पट्ट्यातल्या बऱ्याच कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते. ज्याला येतं त्याने त्या दिवशी दोन तास बसावं, आणि पोरींना फक्त बघायला बसवू नये. झाकण त्यांच्याच हाताने उघडू द्यावं.

जय भीम.