उन्हाळी सुट्टी : विसावा कुणाला?

शाळांची उन्हाळी सुट्टी फार लांबते, तेवढ्यात मुले शिकलेले विसरतात, सबब ती कमी करावी, असे मत नेहमी ऐकू येते. उलट, मुलांच्या पाठीवर आधीच दप्तराचे ओझे आहे, निदान सुट्टी तरी हिरावून घेऊ नका, असे दुसरा पक्ष म्हणतो. दोन्ही बाजू ऐकताना मला प्रश्न पडतो : यांच्या डोळ्यांपुढचे मूल नेमके कुठले? शहरातले, की आमच्या माण-खटावचे?

सुट्टी हवीच. आमच्याकडचे मे महिन्यातले ऊन पत्र्याच्या वर्गात बसून सोसण्यासारखे नसते. मुंबईत माथाडी काम करणारे आणि गलाईच्या धंद्यासाठी परमुलखात गेलेले चुलते-मामा याच दिवसांत गावी येतात. लग्ने, जत्रा याच दिवसांत. भावंडांची ओळख टिकते ती यामुळेच.

परंतु आमचा तालुका पर्जन्यछायेतला. याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि आमची येरळा उन्हाळ्यात कोरडी पडते. टंचाईच्या साली सुट्टी लागली की मुलांच्या हाती शेरडांचे दावे येते, मुलींच्या डोक्यावर हंडा. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. शाळेतल्या बहुतेक सुट्ट्या मी टँकरच्या रांगेत काढल्या. कष्टाची मला लाज नाही. पण त्याला कुणी विश्रांती म्हणू नये. माझ्या वर्गातल्या दोघींना तर मे महिन्यात उजवले. जूनमध्ये शाळा भरली तेव्हा त्यांचा बाक रिकामा होता.

शाळेला कुलूप लागले की दुपारची खिचडीही थांबते. २०१६ च्या मे महिन्यात, दुष्काळग्रस्त भागांत सुट्टीतही शालेय पोषण आहार चालू ठेवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. यातच सारे आले!

म्हणून सुट्टीचे दिवस छाटून काही साधणार नाही. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) पाचवीपर्यंत २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरलीच पाहिजे, असे ठरवून दिले आहे. तेवढे पुरे. सुट्टी राहू द्यावी, परंतु टंचाईच्या गावात शाळेचे दार रोज सकाळी दोन तास तरी उघडे असावे. तिथे पाणी मिळावे, जेवण मिळावे, कपाटातली पुस्तके हाताळायला मिळावीत. दार उघडे असले म्हणजे कोणती मुलगी यायची थांबली, हेही वेळीच कळेल.

हे करणार कोण? शिक्षकांनाही विसावा हवाच. पण मित्रमैत्रिणींनो, परीक्षा संपल्यावर आपण काय करतो? वॉटर कप स्पर्धेत २०१८ साली माणमधल्या टाकेवाडीने राज्यात पहिला क्रमांक मिळवला, तो ऐन एप्रिल-मेच्या उन्हात श्रमदान करून. गावाने मनावर घेतले तर उन्हाळाही आडवा येत नाही. आपण आपापल्या गावात दिवस वाटून घेऊन शाळेची किल्ली मागून घेतली, तर जूनमध्ये एखादा बाक तरी रिकामा राहणार नाही.