किहीमच्या फलकावर भरतीची वेळ लिहा

पौर्णिमा किंवा अमावास्या शनिवार-रविवारला जोडून आली, की किहीमच्या किनाऱ्यावर संध्याकाळी पाणी फार लांब गेलेले असते. मुंबई-रायगडच्या पट्ट्यात या तिथींना पूर्ण भरती बाराच्या आसपास आणि पूर्ण ओहोटी सहाच्या सुमारास असते. सूर्यास्त बघायला आलेली कुटुंबे ओल्या वाळूवरून पाण्याच्या मागे मागे चालत जातात. मग अंधार पडायला आणि पाणी उलटायला एकच गाठ पडते. हे उधाणाचे दिवस. मोठ्या उधाणाला समुद्र सहा तासांत चार मीटरहून जास्त चढतो. सपाट किनाऱ्यावर हे पाणी नेहमी समोरूनच येते असे नाही. सखल जागांतून, चरांतून ते आत शिरते आणि लाटा बघत उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीमागे आधी भरते.

किनाऱ्यावरच्या कोळ्यांना हे गणित तोंडपाठ असते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाला. दुसरी भरती त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी, आणि रोज वेळ सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. अष्टमीच्या आसपासची मंद भरती म्हणजे भांग, पौर्णिमा-अमावास्येची जोरकस भरती म्हणजे उधाण. एवढे ठाऊक असले की कुठल्या दिवशी, किती वाजता मागे फिरायचे, हे कॅलेंडर बघून सांगता येते.

मुंबई-पुण्याहून येणाऱ्या पाहुण्याच्या हाती यातले काहीच पडत नाही. त्याच्या मोबाइलवर येते ते ‘हिडन बीच’, ‘अनएक्सप्लोर्ड कोकण’, ‘एक्स्ट्रीम थ्रिल’, ‘ॲडव्हेंचर ॲक्टिव्हिटी’. कुठे तरी बारीक अक्षरांत ‘ॲट युवर ओन रिस्क’. मांडव्याला २०२० पासून मुंबईहून रो-रो बोट येते, २०२४ च्या जानेवारीपासून अटल सेतू आहे. गर्दीला वाट सोपी झाली. गर्दीला समुद्र समजावून सांगण्याची सोय त्या वेगाने झाली नाही.

‘अनएक्सप्लोर्ड’ हा शब्द तर या गावावर अन्याय करणारा आहे. डॉ. सलीम अली यांनी १९३० च्या पावसाळ्यात किहीमलाच सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचा अभ्यास केला. नर एकामागून एक घरटी विणतो आणि घरटे पसंत पडलेल्या माद्यांशी संसार मांडतो, हे त्यांनी इथे दिवसचे दिवस बसून नोंदवले. त्याही आधी, १६७९ मध्ये, जवळच्याच खांदेरी बेटावर शिवाजी महाराजांचा किल्ला उभा राहत होता. इंग्रजांची मोठी जहाजे तो अडवायला आली. मराठ्यांच्या लहान होड्या त्यांना चुकवून बेटावर सामान पोहोचवत राहिल्या. हा किनारा पिढ्यान्‌पिढ्या वाचलेला आहे. तो नव्याने शोधल्याचा दावा करणारी जाहिरात आधीच्या लोकांनी जमवलेले ज्ञान पाहुण्यापासून तोडते.

या शब्दांचा जबाबदारीशी संबंध कसा असतो, हे अटलांटिकमध्ये दिसले. १८ जून २०२३ रोजी टायटॅनिकच्या अवशेषांकडे निघालेली ‘टायटन’ ही पाणबुडी चिरडली गेली आणि आतले पाचही जण मरण पावले. एका जागेचे भाडे अडीच लाख डॉलर होते. पैसे भरून बसणाऱ्यांना ओशनगेट ही कंपनी प्रवासी म्हणतच नसे, ‘मिशन स्पेशालिस्ट’ म्हणत असे. प्रवासी म्हटले की तपासणी आली, सुरक्षेचे नियम आले. टायटनला कुठल्याही मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र नव्हते. ही दुर्घटना टाळता आली असती, असे अमेरिकी तटरक्षक दलाच्या चौकशी मंडळाने २०२५ मध्ये स्पष्ट म्हटले.

किनाऱ्यावरच्या पाचशे रुपयांच्या फेरीत आणि त्या पाणबुडीत अंतर प्रचंड आहे, पण शब्द तेच काम करतात. गिऱ्हाईक ‘पार्टिसिपंट’ झाला, फेरी ‘ॲक्टिव्हिटी’ झाली, की जीवरक्षक जाकीट घातले का, आज वारा किती, पाणी कुठल्या बाजूला ओढते, हे सांगण्याचे कर्तव्य कोणाचे, तेच धूसर होते. धोका हा विकायचा माल ठरतो आणि त्याचा भार विकत घेणाऱ्यावर पडतो.

रायगड जिल्ह्याने याची किंमत मोजलेली आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडला पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. तेव्हा ना पावसाळा होता, ना वादळ. जुलै २०२४ मध्ये माणगाव तालुक्यातल्या कुंभे धबधब्यापाशी चित्रीकरण करताना एक तरुणी सुमारे तीनशे फूट दरीत कोसळली. अशा घटनेनंतर बंदीचे आदेश निघतात, थोडे दिवस पोलीस उभे राहतात, पुढच्या सुट्टीला पुन्हा गर्दी होते. सरसकट बंदीने घोडेवाले, होडीवाले, घरगुती खानावळी चालवणाऱ्या बायका यांचा रोजगार बुडतो आणि पाहुणा पहारा नसलेला किनारा शोधतो.

इंग्रजी शब्दांचाच राग धरण्यातही अर्थ नाही. ‘रिप करंट’ हा शब्द जीव वाचवणारा आहे. फुटणाऱ्या लाटांच्या रांगेत मध्येच एक पट्टा शांत दिसतो, तिथे लाट फुटत नाही, पाणी गढूळ असते. नवखा माणूस सुरक्षित समजून नेमका तिथेच उतरतो. किनाऱ्यावर चढलेले पाणी त्याच वाटेने समुद्रात परत जात असते. त्या ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याकडे झुंजत पोहायचे नसते. दम उखडतो. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत पट्ट्याबाहेर यायचे असते. ‘रिप करंट’ म्हणा किंवा ‘पाण्याला ओढ आहे’ म्हणा, वाळूत पाय ठेवण्याआधी हे पाहुण्याला कळले पाहिजे. ‘थ्रिल’ या शब्दातून ते कळत नाही.

गोव्यात २००८ पासून राज्य सरकारने नेमलेले दृष्टी संस्थेचे जीवरक्षक किनाऱ्यांवर असतात, पोहण्याची जागा झेंड्यांनी आखलेली असते. महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले. जमीन, पाणी आणि हवा यांतल्या साहसी उपक्रमांना नोंदणी आणि सुरक्षेचे नियम त्यात आहेत. पण नुसता पाण्यात उतरणारा, ओहोटीत चालत गेलेला माणूस कुठल्याच नोंदणीकृत उपक्रमात नसतो.

म्हणून मागणी साधी आहे. किहीम, आवास, वरसोली, नागाव, काशीद अशा प्रत्येक किनाऱ्याच्या तोंडाशी मोठा फलक हवा आणि त्यावर रोज सकाळी हाताने लिहावे: आजची तिथी, भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता, किती वाजेपर्यंत मागे फिरायचे, ओढ कुठे आहे. मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीतही. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था भरती-ओहोटीचे अंदाज आणि उंच लाटांचे इशारे देतेच. ते फलकापर्यंत आणण्यासाठी मोठा खर्च लागत नाही. जलक्रीडेचे तिकीट फाडणाऱ्याने हीच माहिती तोंडी सांगणे परवान्याची अट असावी. फलक लिहिणारा आणि शिट्टी वाजवून माणसे मागे बोलावणारा जीवरक्षक गावातल्याच कोळी तरुणांतून नेमावा, त्याला बारा महिन्यांचा पगार द्यावा आणि त्याचा शब्द शेवटचा मानावा. पर्यटक आणि वाहनांकडून होणाऱ्या वसुलीतला पहिला वाटा यासाठी बाजूला काढण्याचा ठराव ग्रामपंचायतींनी येत्या ग्रामसभेतच घ्यावा.