यंदा फुललेली कुंडी नको, बी पेरा

पावसाळा तोंडावर आला की नर्सरीत गर्दी होते आणि बहुतेक जण फुलांनी लगडलेली कुंडी उचलून घरी येतात. काही दिवसांत फुलं गळतात, मग रोपही मान टाकतं आणि ‘माझ्या हाताला झाडच लागत नाही’ म्हणून कुंडी गॅलरीच्या कोपऱ्यात जाते. दोष तुमच्या हाताचा नसतो. ते रोप हिरव्या जाळीच्या सावलीत, कोकोपीटमध्ये, वेळच्या वेळी खत मिळून वाढलेलं असतं. तुमच्याकडचं ऊन-वारं त्याला सोसत नाही. बी मात्र जिथे रुजतं तिथल्याच उन्हावाऱ्यात वाढतं. म्हणून कळकळीची विनंती आहे, यंदा हंगामी फुलांचं बी पेरा.

सुरुवात तेरडा आणि गुलबक्षीपासून करा. मृगाचा पाऊस पडून माती ओली झाली की बी टाकायचं, बाकी फारसं काही करावं लागत नाही. तेरडा भाद्रपदात फुलतो. कितीतरी घरांत गौर म्हणून तेरड्याचीच रोपं येतात. गुलबक्षीचं बी मिऱ्याएवढं, काळंभोर. तिची फुलं दुपार कलल्यावर उमलतात आणि सकाळी ऊन चढलं की मिटतात. दिवसभर नोकरीवर असणाऱ्यांनी तर ती लावावीच, कारण घरी परतावं तेव्हा ती फुललेली असते.

दसऱ्याचा झेंडू घरचा हवा असेल तर आषाढी एकादशी झाली की बी पेरा. पेरल्यापासून फूल यायला साधारण दोन ते अडीच महिने लागतात. नवरात्राच्या तोंडावर पेरून दसऱ्याला फुलं कशी मिळणार? रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. उंच, तरतरीत रोपाचा शेंडा खुडताना जिवावर येतं, पण खुडल्याशिवाय बगलफुटी धरत नाही आणि फुलं मोजकीच येतात. कुंडीच्या बुडाचं भोक मोकळं आहे ना ते बघा. पावसात झेंडू मरतो तो बहुधा साचलेल्या पाण्याने. परसात वांगी-टोमॅटो असतील तर त्यांच्या कडेने झेंडू लावा, मुळांना गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींना तो आळा घालतो.

शेवंतीचं थोडं वेगळं आहे. ती बियांपेक्षा जुन्या झाडाच्या बुडाशी येणाऱ्या फुटव्यांवरून लावतात. शेजारणीकडे मागा, कुणी नाही म्हणत नाही. रात्र मोठी होऊ लागली की तिला कळ्या धरतात. झाड हिरवंगार आहे, पण कळीचा पत्ता नाही, अशी तक्रार असेल तर खत वाढवण्याआधी रात्री त्या जागी उभं राहून पाहा. रस्त्याचा दिवा किंवा जिन्यातला बल्ब रात्रभर तिच्यावर पडत असेल तर कुंडी अंधाऱ्या बाजूला सरकवा. रात्र झालीच नाही, असं त्या झाडाला वाटत असतं.

आणि सगळी फुलं देवाला वाहू नका. चांगली टपोरी चार-पाच फुलं झाडावरच वाळू द्या. झेंडूचं वाळलेलं बोंड चोळलं की काळ्या काड्यांसारखं, पांढऱ्या शेपटीचं बी सुटतं. तेरड्याची बोंडं पिवळट होताच सकाळी मुठीत धरून तोडा. उशीर झाला तर हात लागताच फुटतात आणि बी अंगणभर उडतं. सावलीत वाळवा, कागदाच्या पुडीत भरा, प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते. बी संकरित असेल तर पुढच्या वर्षी तसंच फूल येईल याची खात्री नाही, म्हणून राखायला देशी वाण निवडा.

हे बी थंडीत हाताशी येतं, म्हणजे संक्रांतीच्या आधी. हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे वाटण्यापेक्षा या पुड्या वाण म्हणून द्या. पुडीवर फुलाचं नाव, रंग आणि पेरायचा महिना तेवढा लिहा.